उलट्या पानावरची अळंबी

सावित्राबाई गेली त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला अजून राग येतो. राग कुणावर, असं विचाराल तर एक नाव प्रोफेसर रायरीकरांचं. दुसरं मी पुढे सांगणारच आहे.

मी तेव्हा लोणावळ्यात ड्रॉइंग मास्तर होतो. सावित्राबाई वलवणच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेल्या ठाकरवाडीतली. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, आणि तोंड असं की बाजारातले हमालसुद्धा तिच्या टोपलीला वळसा घालून जात. श्रावण-भाद्रपदात ती अळंबी घेऊन तुंगार्लीच्या बंगल्यांवर आणि बाजारात येई. श्रावणात मटण चालत नाही पण अळंबी चालते, असं बंगलेवाल्यांनी आपल्या जिभेच्या सोयीने ठरवून टाकलं होतं. त्यामुळे तिची टोपली दहा वाजायच्या आत रिकामी व्हायची. एखादीने अळंबी उचलून वास घेतला, परत टाकली, दुसरी उचलली, की सावित्राबाई टोपलीवर फडकं ओढायची.

"ठिवा खाली! ती काय वांगी हायती दाबून बगायला?"

लोक हसायचे आणि मुकाट्याने ती देईल ती घेऊन जायचे. तिच्या अळंबीने कधी कुणाचं पोट दुखल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तिची सात वारुळं होती. सातबाऱ्यावर नव्हे, सासूने दाखवलेली. वाडीची रीत अशी की सुनेला पहिलं मूल झालं की सासू तिला एकटीला बरोबर घेऊन रानात जायची आणि ज्या वारुळांवर अळंबी येते ती दाखवायची. पुरुषांना ती जागा कधी दाखवायची नाही. सावित्राबाईचा नवरा कोंडू जन्मभर त्याच रानात लाकडं तोडत फिरला, पण आपल्या घरची अळंबी कुठून येते हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसरी रीत खुडायची. अळंबी जमिनीलगत मोडायची, मूळ ओढायचं नाही. मूळ ओढलं की वारूळ मरतं आणि पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही.

खायच्या अळंबीच्या अकरा जाती ती ओळखायची. कुठली पुष्य नक्षत्रात उगवते, कुठली मघांत, कुठली वारुळावर, कुठली बांबूच्या बेटाखाली. कुठल्या अळंबीचं देठ कट्कन मोडतं आणि कुठल्याचं धाग्याधाग्याने सुटतं. हे सगळं तिला कुणी लिहून दिलं नव्हतं आणि तिला लिहिता येत नव्हतं. एवढ्यावरून तिला काही कळत नाही असं शहाण्या माणसांनी ठरवलं.

त्यांतले सर्वांत शहाणे प्रोफेसर रायरीकर. मुंबईच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तुंगार्लीत त्यांचा बंगला होता आणि आमच्या शाळेच्या मंडळावर त्यांचं वजन होतं. छत्तीस सालच्या श्रावणात त्यांनी मनावर घेतलं की सह्याद्रीतल्या खाण्याजोग्या अळंबीच्या नव्या जाती शोधायच्या, त्यांचं वर्गीकरण करायचं आणि ग्रंथ छापायचा. शोधायच्या म्हणजे काय, तर सावित्राबाईने भिजत डोंगर चढून त्या आणायच्या आणि यांनी व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून भिंगातून बघायच्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. चित्रं काढायला त्यांनी मला बोलावलं. मी हुरळून गेलो. मुंबईच्या ग्रंथात आपली चित्रं छापणार, या कल्पनेने मला रात्री झोप लागेना.

सावित्राबाई पायरीवर बसायची आणि सांगत सुटायची. प्रोफेसर त्यातलं काहीच लिहून घेत नसत. "मला डोळ्यांना दिसतं तेच शास्त्र," असं म्हणायचे. एक दिवस ती वारुळावरची मोठी अळंबी घेऊन आली. पांढरीशुभ्र, मधोमध टोक असलेली, ओहोळात धुऊन स्वच्छ केलेली आणि देठ खाली मोडलेलं.

"याचं मूळ कुठं आहे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मूळ हाय तितंच हाय. लय खोल जातंय, पार वाळवीच्या घरात. ते काडत न्हाईत."

"मूळ नाही तर वर्गीकरण कसं करायचं?"

"ते तुमी बगा सायेब. आमाला फुडच्या सालीबी अळंबी लागती."

प्रोफेसर चिडले, पण मूळ काही मिळालं नाही. मग त्यांनी तिला सांगितलं की यापुढे पांढरं दिसेल ते सगळं आण, खायचं असो वा नसो. तिने मान डोलावली.

आता ऐका त्या दिवसाची गोष्ट. मला ती सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

सावित्राबाईने टोपलीतून दोन पळसाची पानं काढून व्हरांड्यातल्या टेबलावर मांडली. दोन्हींवर पांढऱ्या, न उमललेल्या, कोवळ्या अळंब्या. सारख्याच धुतलेल्या, सारख्याच मोडलेल्या. प्रोफेसर आत होते. ती मला म्हणाली, "दोनी येगळ्या ठिवा, मास्तर," आणि बाजाराची वेळ झाली म्हणून निघून गेली. मी कागद लावला, पेन्सिलीने रेघा मारल्या, रंग कालवले. एका पानाची तुकतुकीत बाजू वर होती. त्या गर्द हिरव्यावर पांढरी अळंबी काय खुलून दिसत होती! दुसरं पान मात्र उपडं होतं. पाठ वर, तिच्यावर ठसठशीत शिरा, रंग फिका. पांढऱ्यावर फिकं, चित्र उठावदार येईना. मी अळंब्या उचलल्या, पान सुलटं केलं आणि अळंब्या परत मांडल्या. मग मनासारखं चित्र झालं. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

वाडीत पानाला भाषा आहे, हे मला माहीत नव्हतं. सुलट्या पानावरचं खायचं. उपड्या पानावरचं फक्त ओळखायला, लेकीसुनांना दाखवायला आणलेलं. त्याला तोंड लावायचं नाही. त्या विषारी अळंबीचं नाव तोंडाने घेत नाहीत. नाव घेतलं की ती चांगल्या अळंबीच्या पाठीशी लागते, असं म्हणतात. म्हणून पान उपडं ठेवायचं, एवढंच. आसपासच्या साऱ्या गावांना हे माहीत. प्रोफेसरांचा स्वयंपाक करणारा नथू वलवणचा, त्यालाही माहीत.

म्हणूनच तर घात झाला. पान उपडं असतं तर नथूने त्याला हात लावला नसता. प्रोफेसरांनी दोन्ही पानांवरच्या चार-चार अळंब्या स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या, एकाच जातीचे नमुने म्हणून टिपण लिहिलं आणि उरलेल्या स्वयंपाकघरात ने, असं नथूला म्हणाले. नथूने पानं बघितली. दोन्ही सुलटी. त्याने कांदा-मिरची घालून कालवण केलं. मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांनी मिटक्या मारत खाल्लं, नथूनेही खाल्लं, आणि दोन दिवस सारा बंगला ओकत पडला होता. कुणी दगावलं नाही, एवढीच देवाची कृपा. नथूला मात्र महिनाभर काठी धरून चालावं लागलं.

बरे झाल्या झाल्या प्रोफेसरांनी काय करावं? बाजार कमिटीला पत्र लिहिलं. डोंगरातल्या बाया विषारी अळंबी विकतात. शास्त्रीय तपासणीत असं आढळलं आहे की ही एकच जात असून ती केव्हा विषारी होईल याचा नेम नसतो. तरी विक्री बंद करावी. नाचता येईना अंगण वाकडं! कमिटीचे म्होरके दत्तोबा. इंग्रजी शिक्का असलेला कागद पाहिला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी त्याच आठवड्यात बंदी घातली. सोमवारी कमिटीच्या माणसांनी वाडीच्या सहा बायांच्या टोपल्या गटारात उलट्या केल्या. सावित्राबाईची टोपली त्यात पहिली होती. लोक बघत उभे होते आणि कालपर्यंत तिची अळंबी मागून घेणाऱ्या बंगल्यातल्या बाया 'विषवाली' म्हणत होत्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मला माझा अपराध कळलेला नव्हता, त्यामुळे मला रागवायला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्राबाई बंगल्यावर आली. मी व्हरांड्यातच होतो. ती पायरीवर बसली नाही. अंगणात उभी राहून तिने आवाज चढवला.

"सायेब, भायेर या! माझ्या अळंबीनं कुनाला इख चडलं? धा वर्सं लोक खात्याती, एकाला तरी काय झालं का?"

प्रोफेसर बाहेर आले. "बाई, दोन्ही पानांवरची अळंबी तूच दिलीस. दोन्ही एकच जात आहे."

"एक न्हाई. दोन हायती."

"फरक दाखव."

"फरक वर न्हाई. फरक भुईत हाय."

"मग खणून दाखव," प्रोफेसर म्हणाले. "नाहीतर बंदी उठणार नाही."

एरवी सावित्राबाईच्या तोंडी कुणी लागायचं नाही. त्या दिवशी ती अंगणात नुसती उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून. एक वारूळ मारायचं की सहा घरांच्या चुली विझू द्यायच्या, हे तिला तिथे उभ्या उभ्या ठरवायचं होतं. आम्ही दोघं शिकलेले पुरुष सावलीत उभे राहून ती काय ठरवते याची वाट बघत होतो.

"चला," ती शेवटी म्हणाली.

ती पुढे, मागे प्रोफेसर, मी आणि काठी टेकत नथू. तासभर चढल्यावर करवंदीच्या जाळीआड एक वारूळ आलं. वर सात-आठ अळंब्या नुकत्या डोकावत होत्या. तिने वारुळाला हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि खुरपं घातलं. मूळ संपता संपेना. दीड हात खाली गेल्यावर ते वाळवीच्या भुरकट, जाळीदार पोळ्यात रुतलेलं दिसलं. पांढरी वाळवी सैरावैरा पळत होती. सावित्राबाईने पोळ्यासकट मूळ उपसून प्रोफेसरांच्या पायापुढे टाकलं. मग चार पावलांवरच्या गवतातून एक पांढरी अळंबी दोन बोटांनी सहज उपटली. तिला मूळच नव्हतं, नुसता कांद्यासारखा फुगवटा.

"ही एक. अन् ही दुसरी. आता दिसतंय का डोळ्यांस्नी?"

प्रोफेसर गुडघ्यांवर बसले. "नवीन आहे!" ते ओरडले. "ही जात कुणी नोंदलेलीच नाही! मास्तर, चित्र काढा, लगेच काढा!"

"आता चिठ्ठी लिवा," सावित्राबाई म्हणाली. "कमिटीला लिवा, अळंबी चांगली हाय म्हनून."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "लिहीन. दोन जाती आहेत असं लिहीन. पण विकणाऱ्या बायांना त्या ओळखता येत नाहीत हे खरंच आहे ना? तूच दोन्ही एकत्र दिल्यास."

"एकत्र? उपड्या पानावर दिलती म्या! पान उपडं हुतं!"

नथू काठीवर भार टाकून पुढे झाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "मावशी, न्हाई. दोनी पानं सुलटी हुती. म्या माझ्या डोळ्यांनी बगितली. उपडं आसतं तर म्या शिजवलं आसतं का?"

तेव्हा मला कळलं. ते पान मीच सुलटं केलं होतं. सावित्राबाई नथूकडे बघत होती, नथू तिच्याकडे, आणि दोघंही एकमेकांना खोटं समजत होते. एक वाक्य बोललो असतो तर दोघंही सुटले असते. पण प्रोफेसर शाळेच्या मंडळावर होते, ग्रंथात माझी चित्रं छापायची होती, आणि मी मूग गिळून बसलो. पेन्सिल काढली आणि त्या मुळाचं चित्र काढायला लागलो. ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे, आणि मला त्याची शिसारी आहे. राग कुणावर असं विचारलं होतंत ना, दुसरं नाव माझं.

पुढच्या सोमवारी कमिटीची बैठक भरली. प्रोफेसरांचं नवं पत्र दत्तोबांनी वाचून दाखवलं. जाती दोन आहेत, एक खाण्याजोगी, प्रस्तुत लेखकाने नव्याने शोधलेली, दुसरी विषारी, तथापि अडाणी विक्रेत्यांना हा भेद कळत नसल्याने बंदी कायम ठेवावी. 'प्रस्तुत लेखकाने नव्याने शोधलेली'! सावित्राबाई दाराशी उभी होती. तिला त्या भाषेतलं निम्मं कळलं नसेल, पण 'बंदी कायम' एवढं कळलं. वारूळ मारून झालं होतं, पुरुषांना जागा दाखवून झाली होती, त्यापायी वाडीतल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि हातात काय आलं? काही नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती वळून निघाली.

तिचं ते गप्प वळणं मला सहन झालं नाही. मी उठलो.

"दत्तोबा, तिला भेद कळतो," मी म्हणालो. "तिने विषारी अळंबी उपड्या पानावर ठेवली होती. ते पान मी सुलटं केलं. चित्र चांगलं दिसावं म्हणून."

प्रोफेसर म्हणाले, "मास्तर, भावनेच्या भरात बोलू नका. पुरावा काय?"

पुरावा माझ्या पिशवीत होता. रंगीत चित्राआधी मी पेन्सिलीने जो कच्चा आराखडा काढला होता, त्यात दुसऱ्या पानाच्या शिरा वर आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. कागदावर तारीख होती. दत्तोबा कसेही असले तरी शेतकरी माणूस. पळसाच्या पानाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी कागद फिरवून फिरवून बघितला, नथूला जवळ बोलावून दाखवला. नथूने कपाळावर हात मारला आणि माझं बोलणं ऐकून दाराशी थांबलेल्या सावित्राबाईच्या पायाला हात लावला.

"अन् तुमी वारुळापाशी हुतात की, मास्तर," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तवा तोंड शिवलं हुतं व्हय?"

मी दत्तोबांच्या हातातला कागद घेऊन पिशवीत घातला.

बंदी उठली. पुढच्या महिन्यात शाळेतला माझा ड्रॉइंगचा तास बंद झाला आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो; ते आपलं ठीक झालं. प्रोफेसरांचा ग्रंथ पुढे छापून आला. नव्या जातीला त्यांनी आपल्या प्रिन्सिपॉलचं आडनाव लॅटिनमध्ये घोळवून दिलं. आभाराच्या पानावर बंगल्याच्या माळ्याचंसुद्धा नाव आहे. सावित्राबाई 'एका स्थानिक स्त्रीकडून' एवढ्या तीन शब्दांत उरकली आहे. ग्रंथात मावळातल्या खाण्याजोग्या अळंबीच्या जाती दोन दिल्या आहेत. दोन! बाकीच्यांचं विचारायला प्रोफेसरांनी तीनदा नथूला वाडीवर पाठवलं, आणि तिन्ही वेळा सावित्राबाईने त्याला ताक पाजून परत लावून दिलं. खणलेल्या वारुळावर पुन्हा काही उगवलं नाही.

पुढच्या श्रावणात ती बाजारात येऊन बसली. वाडीतल्या बाया एव्हाना तिच्याशी बोलू लागल्या होत्या. त्याही शेजारी बसल्या. टोपलीवरचं फडकं निघालं तेव्हा लोक बघतच राहिले. एकही अळंबी अखंड नव्हती. छत्री नाही, देठ नाही, सगळी हाताने फाडून बोटाबोटाएवढ्या पट्ट्या केलेल्या.

"अगं, ही चांगली की वाईट, आम्ही ओळखायचं कसं?" एका बंगल्यातल्या बाईने विचारलं.

"तुमी वळकायचंच न्हाई. म्या देते म्हनून चांगली. पटत आसंल तर घ्या, न्हाईतर वाटंला लागा."

पहिल्या दिवशी कुणी घेतली नाही. दुसऱ्या सोमवारी दत्तोबा स्वतः आले, धोतराचा सोगा पसरून उभे राहिले आणि घेऊन गेले. मग हळूहळू सगळेच यायला लागले. त्यानंतर आठ श्रावण लोकांनी तिच्या नुसत्या शब्दावर त्या पट्ट्या शिजवून खाल्ल्या, आणि एकाचंही पोट दुखलं नाही. कुठलं शास्त्र याहून जास्त करतं, ते मला कुणीतरी सांगा.

ती गेली त्या वर्षीच्या श्रावणात ती खाली उतरेनाशी झाली. मीच वर गेलो, वही आणि रंग घेऊन. अकराही जातींची चित्रं काढतो, म्हणालो, खाली तुझं नाव घालतो, दुसऱ्या कुणाचं नाही. ती अंगणात बसली होती. समोर टोपली होती, सुनेने पहाटे खुडून आणलेली, ताजी, अख्खी. मी वाकून बघायला गेलो तर तिने फडकं ओढलं.

"मास्तर, कमिटीम्होरं तुमी खरं बोललात, ते म्या इसरली न्हाई. म्हनून तुमाला खायाला देते. बगायला न्हाई."

आणि फडक्याखाली हात घालून तिने माझ्या वाट्याची अळंबी फाडायला घेतली.